कपाटातलं घड्याळ

आज दुपारी कोल्हापुरात राजारामपुरीत एका मित्राकडं गेलो होतो. त्यानं कपाटातनं एक डबा काढला, त्यातनं दुसरा डबा, आणि त्यात घड्याळ. ऑलिंपिकच्या आठवणीसाठी काढलेलं, मोजकेच नग, मागच्या झाकणावर नंबर. काचेवरची प्लॅस्टिकची फिल्म अजून तशीच. बाजूला स्टॉपवॉचची दोन बटणं, एकदाही दाबलेली नाहीत. मी हात पुढं केला तर म्हणाला, "नको भावा, चरा पडला की किंमत पडते." कधी घालणार विचारलं. "घालायला न्हाई घेतलेलं."

घरी येऊन दोन तास झाले, डोकं शांत व्हायचं नाव घेईना.

आमचे थोरले चुलते, आण्णा, पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर होते. १९७९ ला शाहू स्टेडियमवर फायनल जिंकली तेव्हा तालमीनं वर्गणी काढून त्यांना एचएमटीचं चावीचं घड्याळ दिलं. मागं गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, कारागिराकडनं नाव आणि साल कोरून घेतलं. शेवटचा नऊ जरा तिरका गेलाय. ते घड्याळ आजपण आण्णांच्या मनगटावर आहे. रोज सकाळी चहा गाळायच्या आधी चावी देतात. २०१६ ला एचएमटीची घड्याळं बंद करायचा निर्णय झाला, पण हे चालूच आहे.

खेळाची आठवण म्हणजे हे! कुलपात ठेवलेली कसली आठवण?

१९३२ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकला ओमेगा या घड्याळ कंपनीनं ३० स्टॉपवॉच पाठवली, सोबत एक घड्याळजी. ती घड्याळं पंचांच्या हातात राबली. त्या राबण्याला मान होता. आणि १९५२ च्या हेलसिंकीला, जिथं कुस्तीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक घेतलं, तिथं त्यांना पोचवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. आपल्या गावाला हे माहीत आहे. मग त्याच गावात ऑलिंपिकच्या नावाची वस्तू नुसती भाव वाढायची वाट बघत पडून राहते, हे मला सोसत नाही.

पैसा त्याचा आहे, कबूल. कारागिरीपण भारी आहे, यंत्र बघून मीच पाच मिनिटं गप्प झालो होतो. आणि त्यानं ते स्वतःच्या कष्टातनं घेतलंय, हेही खरं.

पण आण्णांच्या काचेवर पाचच्या आकड्याजवळ एक चरा आहे. तालमीतल्या एका पोराला अपघात झाला, त्याला रात्री उचलून दवाखान्यात नेताना पडलेला. मी मागं म्हटलं, नवीन काच बसवून आणतो. आण्णांनी हात मागं घेतला. "ऱ्हाऊ दे. तो पोरगा आता आजोबा झालाय."

मित्रा, तू हे वाचणारच. राग मानू नकोस, तुझ्यावर जीव आहे म्हणून लिहितोय. ती फिल्म काढ. रविवारी मॅचला ते घालून ये, माझ्याशेजारी बस, आणि शिट्टी वाजली की बटण दाब.

आणि तालमीतल्या पोरांनो, यंदा पाच फुटी चषक नको. गोलकीपरला घड्याळ देऊया, रोज घालता येईल असं. पहिली वर्गणी माझी. कोरायला गुजरीत मी स्वतः जातो.