नेलपॉलिश रिमूव्हरने दात पांढरे होत नाहीत

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन दातांवरून फिरवा, डाग जातात; डेंटिस्टसुद्धा त्यातलं अ‍ॅसिटोनच वापरतात. यातलं शेवटचं अर्धसत्य आहे, म्हणून तर लोकांना पटतं. दात भरताना लावायच्या काही बाँडिंग (भरण चिकटवणाऱ्या) द्रावणांत अ‍ॅसिटोन असतं खरं, पण ते दातातली ओल घेऊन उडून जावं म्हणून. डाग काढायला नव्हे. पांढरेपणासाठी वापरतात ते पेरॉक्साइड. ते रंगाचे रेणूच तोडतं. झाबुआ-धारकडच्या फ्लोराइडवाल्या पाण्याचे डाग तर एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, घडतानाच आत बसलेले असतात. वरून पुसून ते काय कप्पाळ जाणार! हिरड्या मात्र चुरचुरून सोलवटतील. चहा-सुपारीचा थर असेल, तर डेंटिस्टकडे स्केलिंग-पॉलिशिंग करून घ्या.