दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा आळ लॅक्टिक ॲसिडवर नको

धावणाऱ्यांमध्ये एक निरोप पुन्हा पुन्हा फिरतो: 'सरावानंतर अंग दुखतं ते लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे. जितकं दुखेल तितकी प्रगती. मोठे खेळाडू रोज जीव तोडून पळतात. शर्यतीत तहान लागायच्या आधीच भरपूर पाणी प्या.'

पहिलं वाक्य. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या रक्तात लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप) लिटरमागे साधारण १ मिलिमोल असतं. ४०० मीटर जीव खाऊन पळालं की ते १५च्या वर जातं, पण तासाभरात जवळपास पूर्ववत होतं. हलकं जॉगिंग केलं तर त्याहूनही लवकर, कारण हृदय आणि संथ स्नायुतंतू ते इंधन म्हणून जाळतात. दुखणं मात्र २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. शिवाय दम लागतो चढावर, मांड्या धरतात उताराने. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकसारखा भार पेलतो आणि तिथे त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते.

तोच उतार दोन आठवड्यांनी पुन्हा पळा, दुखणं बरंच कमी असेल. मग प्रगती थांबली म्हणायची का? दुखण्यावरून एवढंच कळतं की भार नवा होता. मात्र दुखण्यासोबत सूज आली आणि लघवी कोलासारखी गडद झाली, तर थेट रुग्णालयात जावं. फुटलेल्या स्नायूंतले घटक मूत्रपिंडावर येतात.

रोज जीव तोडण्याचं म्हणाल, तर लांब पल्ल्याच्या अव्वल खेळाडूंची सुमारे ८० टक्के सत्रं सलग बोलता येईल इतक्या सावकाश गतीची असतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचं सुवर्ण जिंकणारा नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसेन तर इंटरव्हलच्या (थांबून थांबून घेतलेल्या वेगवान टप्प्यांच्या) मधे रक्ताचा थेंब तपासतो आणि लॅक्टेट ठरल्या मर्यादेबाहेर गेलं की वेग उतरवतो. हात आखडता घेण्याला कारण आहे. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाड आणि कंडरा यांना महिने लागतात. मधल्या काळात दम साथ देतो आणि नडगी तडकते. नडगीभर पसरलेली ठणक वेगळी. एका बोटाने दाखवता येईल असं दुखणं, एका पायावर उडी मारताना येणारी कळ, रात्रीही न थांबणारा ठणका, यांपैकी काहीही असेल तर पळणं बंद. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, तडा एमआरआयमध्ये दिसतो. 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून पुन्हा पळायला लागणारेच जास्त फसतात.

आता पाणी. गरजेपेक्षा जास्त प्यायलं की रक्तातलं सोडियम विरळ होतं. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोल किंवा त्याखाली, म्हणजे गरजेपेक्षा कमी होतं. शर्यतीत वजन वाढलेल्यांना धोका जास्त होता. तहान लागेल तसं प्या. लांब सरावाच्या आधी आणि नंतर वजन करा; वाढलं असेल तर पाणी जास्त झालं. अशा वेळी मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा दिसला तर पाण्याची आणखी बाटली हातात देऊ नका, वैद्यकीय पथकाला बोलवा.