फीनिक्समध्ये पायांचं काय करायचं?

ॲरिझोनात शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्या मराठी मुलांपर्यंत एक मजकूर फिरत फिरत पोचतोच: "फीनिक्स हे शहर नाहीच, पसरलेलं उपनगर आहे. गाडीशिवाय दूधही आणता येत नाही. डाउनटाउन पाचनंतर ओस. वाळवंटातली शहरं मुळात गाडीसाठीच बांधलेली, उन्हात चालाल तर जीवावर बेतेल." मी सेंट्रल अव्हेन्यूजवळ राहतो, गाडी नाही. तेव्हा बोलायला हवं.

पसरलेलं आहे, कबूल. हद्द १३०० चौरस किलोमीटरच्या पुढे, मोठे रस्ते मैलामैलावर. शहराच्या दक्षिण टोकाच्या अहवाटुकीत घर घेतलंत तर गाडी घ्याच. पण मॅकडॉवेल रस्त्यावरच्या कलासंग्रहालयापासून दक्षिणेला चालू लागा: बर्टन बार ग्रंथालय, मग हान्स पार्क (याच्या पोटातून आय-१० महामार्ग जातो, वर मुलं खेळतात), पुढे रूझवेल्ट रो हा कलादालनांचा भाग. रमतगमत पंधरा मिनिटं. याला उपनगर म्हणायचं?

दुधाचा मुद्दा एकेकाळी खरा होता. डाउनटाउनमध्ये मोठं किराणा दुकान आलं ते २०१९च्या ऑक्टोबरात. मजकूर बहुधा त्याआधीचा असावा.

पाचनंतर ओस? कचेऱ्यांच्या पट्ट्यात रविवारी शुकशुकाट असतो खरा. पण २००६मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचं डाउनटाउन संकुल आलं, २००८च्या डिसेंबरात लाइट रेल, म्हणजे रस्त्यावरून धावणारी विजेची रेल्वे, सुरू झाली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी रूझवेल्ट रोवर येऊन बघा, वाट काढत चालावं लागतं.

'मुळात गाडीसाठी' हे तर साफ चूक. इथे १८८७ ते १९४८ ट्राम होती. डाउनटाउनजवळच्या 'स्टोरी' नावाच्या वस्तीसारख्या जुन्या वस्त्या तिच्याच आधाराने वाढल्या. १९४७च्या आगीत बहुतेक डबे जळाले आणि शहराने पुन्हा ट्राम उभी केली नाही. गाडी नंतर आली. २०१९मध्ये लाइट रेलचा विस्तार थांबवण्याचा प्रस्ताव मतदारांनीच फेटाळला, आणि २०२५मध्ये ती दक्षिण फीनिक्सपर्यंत गेलीसुद्धा.

राहिलं ऊन. इथे मी थट्टा करणार नाही. २०२३मध्ये सलग ३१ दिवस पारा ४३च्या वर होता, जुलैतल्या एका रात्री तो ३६च्या खाली उतरलाच नाही. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत (फीनिक्स ज्यात येतं तो जिल्हा) उष्णतेने ६४५ माणसं गेली. पण ती हौसेने चालायला निघालेली नव्हती. त्यांत बेघरांचा वाटा फार मोठा होता, आणि घरात गेलेल्यांपैकी अनेकांचा एसी बंद होता. गाडीने यातलं काय सुटलं असतं? उलट पार्किंगची डांबरी मैदानं दिवसभर तापतात आणि रात्रभर ती उष्णता सोडत राहतात.

मी अकोल्याचा. मे महिन्यात दुपारी बाराला आम्ही तरी कुठे फिरायचो? कामं सकाळी, नाहीतर दिवे लागल्यावर. इथेही तसंच, आणि नोव्हेंबर ते एप्रिल तर चालण्यासारखं सुख नाही. जानेवारीत दुपारी जेमतेम २० अंश.

खरी अडचण सावलीची आहे. २०३०पर्यंत शहराच्या २५ टक्के भागावर झाडांची सावली, असं शहराने २०१०मध्ये ठरवलं होतं. ते अजून लांब आहे. विलो या जुन्या वस्तीतल्या झाडांखालून चालताना आणि मॅकडॉवेलवर बसची वाट बघताना तापमान तेच असतं, अंगाला मात्र वेगळं लागतं. त्यामुळे घर बघायला जाल तेव्हा स्टेशन किती लांब एवढंच विचारू नका. दुपारी चारला जा आणि फुटपाथच्या कोणत्या बाजूला झाडं आहेत ते बघा.