ढवळू नका

कृतीच्या नावाआधी 'सोपी' हा शब्द दिसला की आता माझ्या पोटात गोळा येतो. 'अवघड' म्हटलेल्या गोष्टीच्या वाटेला मी मुळात जातच नाही. घात करतं ते सोपंच.

पदार्थ होता पीचचा कॉब्लर. अमेरिकेतला घरगुती प्रकार. भांड्यात लोणी वितळवायचं, त्यावर पातळसर पीठ ओतायचं, त्यावर फळांच्या फोडी ठेवायच्या आणि भांडं ओव्हनमध्ये सारायचं. एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध, वर थोडी बेकिंग पावडर. एकच्या पुढे मोजता न येणाऱ्यालाही झेपेल असं प्रमाण. कॉब्लर म्हणजे इंग्रजीत जोडे शिवणारा, तेवढं एक खटकलं. पण याची भावंडं बकल, ग्रंट आणि स्लंप. स्लंप म्हणजे कोसळणं. फसलं तर काय म्हणायचं याची सोय या लोकांनी आधीच करून ठेवलेली दिसली, म्हणून धीर आला.

पीच सोलण्यासाठी खाली फुलीसारखी चीर द्यायची, अर्धा-एक मिनिट उकळत्या पाण्यात सोडायचं आणि लगेच गार पाण्यात टाकायचं. साल आपोआप निघते म्हणे. निघाली. जाताना निम्मा गर सोबत घेऊन गेली. उरलेला गर कोयीला धरून बसला. पीचमध्ये म्हणे दोन जाती असतात, कोय सोडणारी आणि कोय न सोडणारी. माझ्या वाट्याला कुठली आली हे सांगायला नको. शेवटी ज्या हाती लागल्या त्यांना फोडी म्हणायचं ठरवून त्यांवर साखर भुरभुरवली. वीस मिनिटांत फोडी रसात पोहायला लागल्या. इथवर मीच कौतुकाने बघत होतो.

मग ओव्हन. कृतीत लिहिलेलं 350. आमच्या ओव्हनचा काटा 250 वर जाऊन थांबला. मी जरा जोर लावला.

"अरे, ते फॅरनहाइट आहे! 180 वर ठेव," बायको बाहेरूनच ओरडली. बटणाची करकर ऐकून तिला माझी चूक नेमकी कळते, ही तिची सिद्धी आहे.

आता खरा मुद्दा. कृतीत एकच वाक्य ठळक अक्षरांत होतं: ढवळू नका. लोण्यावर पीठ ओता, ढवळू नका. पिठावर फळं ठेवा, ढवळू नका. त्यामागे कारण आहे. गरम झालं की बेकिंग पावडरचा वायू सुटतो, पीठ फुगून फोडींच्या मधून वर येतं, फोडी खाली जातात आणि कडेचं लोणी पिठाला तळून कुरकुरीत करतं. फक्त आपण हात बांधून उभं राहायचं.

आईला मी हे सगळं समजावून सांगितलं. साठ वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला. तिच्या लेखी न ढवळणं म्हणजे खाली लागणं. तिने भांड्यात डोकावून पाहिलं. वर पिवळं लोणी तरंगतंय, मध्ये पांढरं पीठ, त्यात वाटाण्याएवढ्या गुठळ्या.

"गुठळ्या राहिल्यात रे."

"राहू दे. पीठ फार घोटलं की चिवट होतं."

"कोण म्हणालं?"

मी फोन दाखवला. तिने फोनकडे आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की दोघांचीही किंमत झाली.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. मी गेलो आणि आलो, दीड मिनिट धरा. परत येऊन बघतो तर आई ओट्यापासून चांगली दोन हात लांब, पदराला हात पुसत उभी. भांड्यात लोणी नाही, पीठ नाही, फोडी नाहीत. सगळ्यांचं मिळून एक फिकट नारिंगी सरकार. मधोमध चमच्याचा गोल गोल माग.

"एकदाच फिरवला," आई म्हणाली.

पुढची पन्नास मिनिटं मी ओव्हनसमोर स्टूल टाकून पहारा दिला. दार उघडायचं नाही, हा दुसरा नियम. मुलगी दर पाच मिनिटांनी येऊन "झालं?" विचारत होती. कडा आधी तपकिरी झाल्या, मग मधला भाग हळूहळू फुगला, एका कोपऱ्यातून रस बुडबुडत वर आला. वासाबद्दल मी काही बोलणार नाही, कारण माझा राग अजून उतरला नव्हता. बाहेर काढल्यावर अर्धा तास थांबायचं, हा तिसरा नियम. निवताना रस दाटतो. मुलगी चार मिनिटं थांबली. साखरेचा उकळता रस जिभेला काय करतो हे ती आता कोणालाही सांगू शकेल, फक्त त्या दिवशी बोबडं सांगत होती.

भांडं रात्रीपर्यंत रिकामं झालं. "आजीचा केक मस्त झालाय," असा निकाल लागला. आजीचा!

मी चडफडत पुन्हा फोन उघडला. फळं केकच्या पिठातच मिसळून भाजली की त्या पदार्थाला बकल म्हणतात.

"आई, तू ढवळलंस म्हणून कॉब्लरचा बकल झाला."

"आधी जोडे, आता पट्ट्याचं बक्कल," आई भांड्याची कड खरवडत म्हणाली. "खायचं आहे की पायात घालायचं आहे, ते एकदा ठरव."