मालवणला दुपारी समुद्राचा तळ दिसत नाही
मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यालगत स्नॉर्केलिंगसाठी (मास्क व नळी लावून पाण्याखालचे पाहण्यासाठी) दिवसाची कोणतीही वेळ चालते, हे आपल्याकडे आलेल्या मालवणवरील लेखातील विधान पटले नाही. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की तिथल्या उथळ पाण्यातील वाळू ढवळली जाते आणि सकाळी स्पष्ट दिसणारे प्रवाळ व त्यांभोवती घुटमळणारे पट्टेरी मासे गढूळ पाण्यात दिसेनासे होतात. बेळगावहून पहाटे निघून आंबोलीमार्गे दुपारी पोहोचलेल्या आम्हाला मास्कमधून स्वतःच्या हाताची बोटे तेवढी दिसली (पैसे मात्र पूर्ण मोजावे लागले). आपल्या भागातून जाणाऱ्यांनी आदल्या रात्रीच मालवणात मुक्काम करून सकाळची पहिली होडी गाठावी. शिवाय हे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा दम लागला तरी प्रवाळावर पाय टेकू नये, एवढे तरी लेखात यायलाच हवे होते.