सीची वाटणी

आमच्या घरात दोन वाद कायम चालू असतात. एक राजापूरकडच्या वडिलोपार्जित जमिनीचा आणि दुसरा कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हचा. पहिल्यात निदान तलाठी तरी आहे.

हा कॉम्प्युटर २०१३ सालचा. डोंबिवलीत स्टेशनजवळच्या एका मुलाकडून असेंबल करून घेतलेला. हार्ड डिस्क ५०० जीबीची, म्हणजे पैसे ५००चे, पण स्क्रीनवर दिसतात ४६५. बनवणारा हजाराच्या हिशेबाने मोजतो आणि विंडोज १०२४च्या, म्हणून हा फरक. मोजणीत जमीन कमी भरते, हे काही आम्हाला नवीन नव्हतं. मुलाने चहा पिता पिता डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग पाडून वाटणी केली : विंडोज राहतं त्या सीला ५०, उरलेलं सगळं डीला. "काका, विंडोज सेव्हनला २० लागतात, मी ५० देतोय. आयुष्यभर बघायला नको." आयुष्य कुणाचं, ते त्याने सांगितलं नाही.

ए आणि बी का नाहीत, हेही मी तेव्हा विचारलं होतं. ती नावं फ्लॉपीची. १.४४ एमबीची ती फ्लॉपी जाऊन जमाना झाला, पण थोरल्या दोघांच्या खोल्या अजून तशाच ठेवल्यात आणि सगळा संसार तिसऱ्याच्या गळ्यात.

२०२५च्या सप्टेंबरात हा संसार फुटला. मी सोसायटीचा सेक्रेटरी. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, तिची नोटीस १४ दिवस आधी लावायची. अहवाल टाइप करून सेव्ह म्हटलं, तर डिस्क फुल! 'धिस पीसी' उघडून बघतो तो सीची पट्टी लालभडक, आणि शेजारी डी निळाशार, ३०० जीबी मोकळे घेऊन बसलेला. अमेरिकेत गेलेल्या भावाच्या बंगल्यासारखा. दाराला कुलूप आणि अंगणात आंबे सडतायत.

अहवाल डीवर सेव्ह केला. पण छापायला सांगितलं की मजकूर आधी सीवरच्या एका फोल्डरात जाऊन रांगेत उभा राहतो, आणि मग प्रिंटरकडे जातो. रांगेला जागा नव्हती. प्रिंटर एकदा घरघरला आणि गप्प झाला.

मग साफसफाईला बसलो. डाउनलोड्समध्ये एकाच महिन्याचं विजेचं बिल अकरा वेळा. आधार कार्ड सतरा वेळा, त्यातली चार शेजारच्यांची. सगळं निवडून डिलीट केलं. सी जसाच्या तसा लाल. पुसलेलं जातं रीसायकल बिनमध्ये, आणि ती कचरापेटी सीच्याच अंगणात. घरातला कचरा पलंगाखाली सारून "झाली हो सफाई" म्हणणाऱ्यांपैकी विंडोज आहे. पेटी रिकामी केली, १९० एमबी सुटले. तेवढ्यात मागच्या दाराने कसलंसं अपडेट आत आलं आणि तेही संपले.

खरा ऐवज डेस्कटॉपवर होता : भाचीचं लग्न, ११ जीबी. डेस्कटॉप म्हणजे टेबल, टेबलावर ठेवलेल्याने घरातली जागा अडत नाही, अशी माझी बारा वर्षं समजूत होती. डेस्कटॉपही सीमध्येच असतो. लग्न उचललं आणि माउसने ओढत डीवर नेलं. पाऊण तास लागला. सी लालच.

मुलीला बंगळुरूला फोन लावला.

"बाबा, एकाच ड्राइव्हमध्ये ओढलं तर फाइल हलते. दुसऱ्या ड्राइव्हवर ओढलं तर कॉपी होते."

म्हणजे लग्न आता दोन ठिकाणी लागलं होतं. मग इकडचं पुसून टाक, इतकं सोपं. पण मागे बायको उभी होती. "तिकडचं नीट चालतंय का ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितल्याशिवाय इकडच्याला हात लावायचा नाही." सहा तासांचं चित्रीकरण. हळदीपर्यंत बघितलं. त्यात मला वाढताना कुणी विचारलं नव्हतं, हे मला नव्याने आठवलं, आणि तो विषय रात्री साडेदहापर्यंत चालला.

दुसऱ्या दिवशी मी मुळावरच घाव घालायचं ठरवलं. वाटणीच बदलायची! 'डिस्क मॅनेजमेंट' उघडलं, तर समोर साक्षात गावचा नकाशा. डीला आक्रसून १०० जीबी सोडवले. त्याने हूं का चूं केलं नाही, अमेरिकेतला भाऊ तो. पण सुटलेली जमीन निघाली डीच्या पलीकडच्या टोकाला, आणि सीला वाढायचं तर जागा त्याला लागून उजव्या हाताला हवी. बरं, अख्खा डी उडवला तरी भागत नव्हतं. दोघांच्या मधे ४५० एमबीची एक चिंचोळी पट्टी : रिकव्हरी, म्हणजे विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी राखलेली जागा. २०१६ साली विंडोज १० फुकट मिळतंय म्हणून मी घेतलं, तेव्हा त्याने ही पट्टी सीचंच शेपूट कापून काढली होती. सीवर उजवं क्लिक केलं की 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' दिसतं, पण राखाडी. दाबता येत नाही.

मी खुर्चीत मागे टेकलो. गावच्या आमच्या आणि चुलतभावाच्या जमिनीमधे काकांची अशीच आठ गुंठ्यांची पट्टी आहे. तीही आमच्याच बाजूने गेलेली.

शेवटी तो असेंबलवाला मुलगा आला. आता तो दोन गाळ्यांचा मालक आहे आणि त्याचंही टक्कल पडलंय. काळ्या खिडकीत त्याने एक ओळ टाइप केली आणि १.६ जीबी मोकळे झाले. कॉम्प्युटर हायबरनेट करायचा, म्हणजे उघडं काम तसंच ठेवून गाढ झोपवायचा झाला, तर मेमरीतलं सगळं ठेवायला विंडोज एक मोठी फाइल आधीच अडवून ठेवतं. आमच्या ४ जीबीच्या मेमरीला तिच्या ४० टक्के. या कॉम्प्युटरला जागं व्हायलाच अकरा मिनिटं लागतात, म्हणून आम्ही कधी झोपवलाच नाही. गादी मात्र बारा वर्षं घालून ठेवलेली!

"काका, एसएसडी टाका, ती नवी वेगवान डिस्क. आणि ऑक्टोबरच्या १४ तारखेला विंडोज १०चे अपडेट बंद होतायत."

"मग ११ टाक."

"त्याला कमीत कमी ६४ जीबी लागतात. शिवाय आतला हा जुना मदरबोर्ड त्याला चालणार नाही."

नोटीस छापली, बोर्डावर लावली. संध्याकाळी चुलतभावाचा फोन. "दादा, काकांच्या पट्टीचं काय करूया? मोजणीवाले सोमवारी येतायत."

"तिच्यावर उजवं क्लिक करून बघ," मी म्हटलं, "राखाडी दिसतं का."