लुटारू कोण होते, सर?

गेली नऊ वर्षं मी रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, संपल्यावर तिसरी-चौथीच्या पोरांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. वसईच्या पश्चिमेकडचं गाव, चर्चच्या मागची पत्र्याची शेड, एक पंखा, बावीस पोरं. घरी रविवारचं मटण शिजत असतं आणि पोरांचं अर्धं लक्ष तिकडेच असतं. या वर्गात सप्टेंबरमध्ये एका पोरीने मला एक प्रश्न विचारला. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतोय. लांबेल, आधीच सांगतो.

सुरुवात एका चित्रकला स्पर्धेपासून करायला हवी. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा आमच्याकडे सृष्टीचा काळ मानतात. १ सप्टेंबर हा सृष्टीच्या काळजीसाठी प्रार्थनेचा दिवस, तो कॅथलिकांसाठी पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ठरवून दिला. त्याच वर्षी त्यांचं ‘लाउदातो सी’ हे पर्यावरणावरचं परिपत्र आलं होतं. ४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. तर या दिवसांत सगळीकडे ‘वसुंधरा वाचवा’ स्पर्धा होतात, आणि अशाच एका ठिकाणी मला परीक्षक म्हणून बसवलं.

साठेक चित्रं होती. तोंडात थर्मामीटर धरलेली पृथ्वी, रडणारी पृथ्वी, हातावर तोललेली पृथ्वी. त्रिकोणी डोंगर, सुचीपर्णी झाडं, बर्फाच्या तुकड्यावर एकटं पांढरं अस्वल. पोरांचे हात चांगले होते, रंगकाम तर सुंदरच. पण साठ चित्रांत केळीचं एक झाड नव्हतं. एक विहीर नव्हती, एक बावखल नव्हतं. त्या शाळेच्या कुंपणाला लागून एक बावखल आहे, निम्मं भराव टाकून बुजवलेलं. खिडकीतून दिसतं. पोरं त्या खिडकीशी बसून अस्वल काढत होती.

चूक पोरांची नाही. पर्यावरण म्हणजे लांब कुठेतरी चाललेलं काहीतरी दुःखद, हे आपणच त्यांना शिकवलंय.

बाहेरच्या वाचकांसाठी बावखल म्हणजे काय ते सांगतो. आमच्या वाड्यांमधून पूर्वजांनी खणून ठेवलेली गोड्या पाण्याची ही डबकी. डबकी म्हटलं की आमच्या म्हाताऱ्यांना राग येतो, पण दुसरा शब्द सापडत नाही. काठाला उंबर, करंज, फांदीवर ध्यान लावून बसलेला खंड्या. पावसाचं पाणी तिथं थांबतं, सावकाश जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरी जिवंत ठेवतं. गुंठ्याचा भाव चढला तसं त्यांत डेब्रिज पडू लागलं. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, लोकल बंद पडल्या, वीज गेली, तेव्हा आमच्या गल्लीतली जुनी माणसं बुजलेल्या बावखलांची नावं घेत बसली होती, गेलेल्या नातेवाइकांची घ्यावीत तशी.

असो. स्पर्धेनंतरच्या रविवारी वर्गात गोष्ट होती चांगल्या शोमरोन्याची. लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय. एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? येशू व्याख्या सांगत बसत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला जाणारा माणूस लुटारूंच्या हाती सापडतो, मार खाऊन अर्धमेला पडतो. याजक बघतो आणि पलीकडच्या बाजूने निघून जातो. लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, तोही तसाच जातो. मग ज्याला यहुदी लोक जवळही करत नसत असा शोमरोनी थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि वर दोन दीनार देऊन येतो.

मी नेहमीसारखं विचारलं, यातलं कोण व्हायला आवडेल तुम्हाला? बावीस तोंडांतून एकच उत्तर आलं. शोमरोनी! उत्तर पाठ असतं सगळ्यांना. मीही नेहमीसारखा खूश झालो.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक चिमुरडी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, “पण सर, लुटारू कोण होते?”

म्हटलं, ते गोष्टीत सांगितलेलं नाही.

“पण ते पण कुणाचे तरी शेजारीच असतील ना?”

नऊ वर्षं ही गोष्ट शिकवतोय, आयुष्यभर ऐकतोय. लुटारूंचं पुढे काय झालं हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. प्रवचनात ते पहिल्या ओळीत येतात आणि जातात. आपण पोरांना सांगतो शोमरोन्यासारखे व्हा. फार तर सांगतो, याजकासारखे होऊ नका. त्या माणसाला रस्त्यात पाडणारे हात आपले असू शकतात, ही शक्यता आपण गोष्टीतच ठेवत नाही.

आता जे सांगणार आहे ते मी वर्गात त्याच दिवशी सांगितलं. कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

मी दहा-अकरा वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. ऐंशीच्या दशकाची अखेर. स्टेशनकडे इमारती उठत होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. मग टँकर गावांकडे वळले. आमच्या वाडीतल्या विहिरीला बारमाही पाणी. माझ्या बाबांनी दोन उन्हाळे ते विकलं. रात्री नऊला मोटार सुरू व्हायची ती पहाटेपर्यंत, एकामागून एक टँकर लागायचे, आणि सकाळी बाबा उशीखालून नोटा काढून मोजायचे. माझी पहिली सायकल त्या पैशातली. घराचा स्लॅबही त्यातलाच. बाबा वाईट माणूस नव्हते. केळीला भाव नव्हता, पानवेलीवर रोग होता, दोन बहिणींची लग्नं समोर होती.

आमच्या बांधापलीकडे काकींची वाडी. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. आधी चहा फाटायला लागला. मग केळीची पानं कडेने करपली, लोंगर बोटभर केळ्यांचे यायला लागले, मोगरा गेला. काकींच्या घरचा मोगरा पहाटेच्या गाडीने दादरला जायचा, तो बंद झाला.

हे कसं होतं ते पोरांना समजावताना मी शहाळ्याची युक्ती केली. समुद्राकाठच्या जमिनीत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. वरचं उपसत गेलात की खालचं खारं वर सरकतं. भूजलाचं गणित तर असं, की गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली की खाऱ्याची सीमा खालून चाळीसेक फूट वर येऊ शकते. आता एक शहाळं घ्या आणि चौघांनी चार स्ट्रॉ लावा. ज्याच्या छातीत जोर जास्त त्याला जास्त मिळणार, आणि बाकीच्यांच्या स्ट्रॉमध्ये नुसता आवाज. जमिनीवर बांध असतो, सातबारा वेगळा असतो. खाली शहाळं एकच.

पोरं लगेच म्हणाली, हे चीटिंग आहे.

पुढे हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्याबरोबरचे लोक गावोगाव फिरले, पाण्याचा उपसा, बिल्डर, गुंडगिरी यांविरुद्ध बोलले, हजारो माणसं रस्त्यावर उतरली. धर्मगुरूने वेदीवरून उतरून विहिरींविषयी बोलावं हे तेव्हा बऱ्याच जणांना रुचलं नव्हतं. आज आमच्या पट्ट्यात जे काही हिरवं शिल्लक आहे, त्यात त्या दिवसांचा मोठा वाटा आहे. फादर २५ जुलै २०२४ रोजी गेले. गंमत म्हणा की काय म्हणा, माझे बाबाही मोर्चाला गेले होते. काकींच्या घरचेही गेले होते. दोघं एकाच ट्रकमधून गेले. पाण्याविषयी दोघं एकमेकांशी कधी बोलले असतील असं मला वाटत नाही.

वर्गानंतर दोन पालकांचे फोन आले. एक जण जरा चिडूनच म्हणाले, सर, एवढ्या लहान पोरांच्या डोक्यात अपराधीपणा कशाला भरता? झाडं लावा म्हणावं, पक्ष्यांना पाणी ठेवा म्हणावं, छान छान सांगावं.

त्यांचं म्हणणं मी दोन दिवस मनात घोळवलं. मग आठवलं, हीच पोरं पुढच्या वर्षी पहिल्या कम्युनियनला, म्हणजे ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घ्यायला, बसतील. त्याआधी आपण त्यांना पापनिवेदन शिकवतो. आठ-नऊ वर्षांचं लेकरू गुडघे टेकून सांगतं, मी आईशी खोटं बोललो, बहिणीला मारलं, अभ्यास केला नाही. त्याला कुणी अपराधीपणा म्हणत नाही, संस्कार म्हणतो. मग त्या यादीत ‘मी नळ चालू ठेवला आणि खालच्या मजल्यावरच्यांचं पाणी गेलं’ हे का नको? ‘आमच्या घरच्या बारशाचा कचरा आम्ही बावखलात टाकला’ हे का नको? पोरं नीट समजून घेतात. घाबरतो आपण, कारण यादी पुढे आपल्यापर्यंत येते.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा विषय आपण चित्रकलेच्या तासाला देऊन टाकला, आणि तो शेजारधर्माचा होता. पृथ्वी फार मोठी आहे, तिच्यावर प्रेम करणं फार सोपं आहे. ती उलटून बोलत नाही. बांधापलीकडची काकी बोलते.

बायबलमध्ये हे सगळं किती बारीक लिहिलंय ते बघा. उत्पत्तीच्या पुस्तकात सत्ता चालवा असं पहिल्या अध्यायात आहे, ते सगळ्यांना पाठ. दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला, ते कुणी सांगत नाही. लेवीयच्या पुस्तकात आहे, शेत कापताना कोपरे सोडा, गरिबांसाठी आणि परक्यांसाठी. अनुवाद नावाच्या पुस्तकात आहे, मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नका. घरट्यात पिल्लांवर बसलेली पक्षीण दिसली तर तिला धरू नका. नगराला वेढा घातला तरी फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका. ही शेतकऱ्यांना सांगितलेली शेतकऱ्यांची भाषा आहे. आमची आजी अक्षरशत्रू होती, पण आंबे उतरवताना शेंड्याचे चार ठेवायला लावायची. पाखरांचे, म्हणायची.

आणि माझी आवडती जागा म्हणजे पाच हजारांच्या जेवणानंतरची ओळ. चमत्कार झाला, सगळे जेवले, आता कुणीही उठून गेला असता. येशू शिष्यांना म्हणतो, उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जाऊ देऊ नका. बारा टोपल्या भरल्या. गेल्या फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, जेवणानंतर आमच्या वर्गाने बारा टोपल्यांचा खेळ केला. पोरांनी पत्रावळी वेगळ्या केल्या, उष्टं वेगळं केलं, प्लास्टिक वेगळं केलं. आवार झाडणाऱ्या बाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांना एका पोराने खुर्ची आणून दिली. हे मी शिकवलं नव्हतं. नाताळच्या गोठ्याचंही तसंच. थर्माकोलवर बंदी आली २०१८ च्या मार्चमध्ये, तरी तो मिळतोच. आम्ही पेंढा, माती आणि करवंट्यांवर भागवतो. दिसायला गोठा साधा होतो, बक्षीस कधी मिळालं नाही.

तर पुन्हा त्या रविवारवर येतो. वर्ग सुटताना तीच मुलगी दप्तर लटकवून माझ्याजवळ आली.

“मग तुम्ही त्या काकींना सॉरी म्हणालात?”

नव्हतो म्हणालो. पस्तीस-छत्तीस वर्षांत नव्हतो म्हणालो. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, तेही म्हणाले नव्हते. शेजारी आहोत, लग्नामयताला जातो, नाताळला करंज्यांचं ताट इकडून तिकडे जातं. विषय निघाला नाही.

दोन आठवड्यांनी वर्ग लवकर सोडून सात-आठ पोरांना घेऊन काकींकडे गेलो. काकी आता ऐंशीच्या पुढे आहेत, ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. पोरांनी विहिरीत डोकावून बघितलं, बादली सोडली, प्रत्येकाने पाण्याची चव घेतली आणि प्रत्येकाने तोंड वाकडं केलं. काकींनी सुनेला सरबत करायला सांगितलं. ते वीस लिटरच्या विकतच्या जारमधल्या पाण्याचं होतं. पोरांच्या नजरेतून ते सुटलं नाही, माझ्याही नाही.

मी ओट्याच्या पायरीवर बसलो आणि म्हटलं, काकी, आमच्या बाबांनी तेव्हा पाणी विकलं, तुमची विहीर त्यानेच गेली. मला ते ठाऊक होतं. कधी बोललो नाही.

त्यांनी लसणाची पाकळी सोलून वाटीत टाकली. दुसरी घेतली. पोरं गप्प बसली होती.

“तुझा बाप एकटा नव्हता रे,” त्या म्हणाल्या. “आमच्या ह्यांनीपण एक उन्हाळा विकलं होतं. तुला कुठलं ठाऊक.”

मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. सरबत संपलं. आम्ही उठलो, पोरं फाटकाशी पोचली, तेव्हा काकींनी मागून हाक मारली.

“ऐक. तुमच्या वाडीतल्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय. रात्रभर टपटप ऐकू येते मला, झोप लागत नाही. तो आधी बघ.”

रविवारी दुपारी आमच्याकडे प्लंबर मिळत नाही. पान्हा घेऊन मीच टाकीवर चढलो, आणि खाली शिडी धरायला तीन पोरं थांबली होती.